परसातल्या कोंबड्या घुशी-मुंगसापासून कशा राखायच्या: कोकणातला अनुभव

श्रावण चालू होता, पाऊस असा की कौलांवरच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून सकाळी मी खुराडं उघडायला आठ वाजवले. उघडलं तर आत सात कोंबड्या पडलेल्या. पाच तलंगा आणि दोन चालू अंड्यावरच्या. खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, प्रत्येकीच्या मानेला चावा, एकीचं डोकं गायब, बाकी अंग शाबूत. कोंबडा तेवढा वरच्या दांडीवर भिंतीला चिकटून बसलेला. दाराची कडी लावलेली होती तशीच, जाळीला भोक नाही. मी उभ्या उभ्या मुंगसाला शिव्या घालायला सुरुवात केली, तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी काठीने कोपऱ्यातलं तूस बाजूला केलं आणि म्हणाल्या, "अगो, बीळ घुशीन पाडल्यान आणि तू मुंगसाक गाळी घालतस?"

चिऱ्याच्या भिंतीच्या पायाशी, आतल्या बाजूला, माझी मूठ आरामात जाईल एवढं बीळ होतं. गंमत म्हणजे, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती, पण त्या कोपऱ्यात महिनाभर रोज ताजी माती निघत होती आणि मी ती रोज झाडून टाकत होते. कोंबड्या उकरतात असं वाटायचं मला. मेलेल्यांपैकी एक हातात घेतली तर अंग अजून गरम. म्हणजे रात्री नाही, उजाडल्यावर, मी आत चहा पीत होते तेव्हा झालेलं होतं ते. मुंगूस दिवसाचं जनावर, घुशीने केलेल्या वाटेने आत आलं आणि दार बंद असल्यामुळे कोंबड्यांना पळायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून मी या विषयावर बरंच शोधलं, वाचलं, चुका केल्या, आणि आता दोन पावसाळे एकही कोंबडी खुराड्यातून गेलेली नाही. दिवसा चरताना गेल्यात, ते खाली सांगते. देवगड तालुक्यात आमचं घर, मागे कातळ, पुढे उतारावर कलमं, आणि समुद्र इतका जवळ की लोखंड टिकत नाही, तर त्या हिशोबाने वाचा.

आधी एक गोष्ट. नेटवर शोधलं की सगळे अमेरिकन व्हिडिओ येतात आणि सगळ्यात रकून. ते उत्तर अमेरिकेतलं जनावर, पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे वापरतं, साधी कडी उघडतं, पातळ जाळी ओढून फाडतं, जाळीच्या भोकातून हात घालून कोंबडी खेचतं. आपल्याकडे रकून नाही. पण त्याची एकेक खोड आपल्याकडे वेगवेगळ्यांनी वाटून घेतलीय असं समजा. हात चालतो तो माकडांचा, भरदिवसा अंडी उचलून नेतात, साधी कडी त्यांना खेळणं आहे. छपरावरून येतो तो कांडेचोर, म्हणजे उदमांजर, कोणी काळमांजर म्हणतं. रात्री जमिनीवरून जवादी मांजर, रानमांजर, कोल्हा, आणि गावातले कुत्रे, हे शेवटचे विसरू नका, नावाला वाघ बदनाम पण कोंबड्या मारतात वाडीतलेच कुत्रे. दिवसा मुंगूस, घोरपड, घार, शिक्रा, कावळे. साप दोन्ही वेळेला. आणि या सगळ्यांच्या आधी उंदीर आणि घूस.

घुशीला मी पहिला नंबर का देते ते सांगते. तिला कोंबडी नकोय, तिला कोंबडीचा दाणा पाहिजे. मोठी घूस किलोभर भरते, पिल्लं आणि अंडी ती खातेच, पण तिचं खरं नुकसान म्हणजे ती रस्ता करून देते. तिच्या बिळातून मुंगूस येतं, तिच्या मागावर नाग आणि धामण येते, आणि एकदा साप खुराड्यात शिरला की त्याला अंडी दिसतातच. म्हणजे दाणा उघडा राहिला की घूस, घूस आली की बाकीची रांग. लोक काय करतात, मुंगूस मारायला निघतात. एकतर मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड, नाग, अजगर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मारणं किंवा पकडून ठेवणं गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे एक गेलं तर आठवड्यात दुसरं येतं कारण बीळ आणि दाणा जागेवरच आहेत ना.

कोण येतंय ते आधी ओळखा

चुलीतली किंवा न्हाणीच्या बंबातली राख घ्या, चाळून, आणि रात्री खुराड्याच्या दारासमोर आणि भिंतीच्या कडेने हातभर रुंद पट्टा पसरा. पावसात पागोळीच्या आतल्या बाजूला पसरा नाहीतर वाहून जाते. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही, त्या पाच मिनिटांत सगळं उकरून ठेवतात. चार बोटं आणि नखं उमटलेली नाहीत तर मांजराच्या जातीतलं. चार बोटं आणि नखांचे टोक दिसतायत तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं असतील तर उदमांजर किंवा मुंगूस, आणि मुंगसाचा ठसा लहान असतो. घुशीचे ठसे बारीक, पुढच्या पायाला चार बोटं मागच्याला पाच, आणि मध्ये शेपटी ओढल्याची रेघ बऱ्याचदा दिसते. सापाची तर नुसती सरपटलेली वाट. आमच्याकडे मुलं सकाळी उठून आधी राख बघायला पळतात, शाळेसाठी एवढ्या लवकर कधी तयार झाली नाहीत.

नुकसानीवरूनही कळतं. पिल्लू दिवसाढवळ्या नाहीसं झालं, पीस नाही काही नाही, तर कावळा, घार किंवा मुंगूस. रात्री अख्खी कोंबडी गेली आणि कुंपणापर्यंत पिसं पडलीत तर रानमांजर, कोल्हा किंवा कुत्रा. बऱ्याच एकदम मारल्या आणि तिथेच टाकल्या, मानेला चावे, तर मुंगूस किंवा उदमांजर, बंद जागेत कोंबड्या फडफडत राहिल्या की ही जनावरं थांबत नाहीत. अंडी गेली आणि कवच सुद्धा मागे नाही तर साप, किंवा उंदराने ओढत नेलं. कवचं तिथेच फुटलेली असतील तर मुंगूस बघा, पण एकदा तुमच्या स्वतःच्या कोंबड्यांवरही लक्ष ठेवा, एखादीला अंडी फोडून प्यायची सवय लागते आणि आपण उगाच बाहेर शत्रू शोधत बसतो. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पायाला, ढुंगणाला बारीक चावे, पिसं कुरतडलेली, पिल्लू बिळाच्या तोंडात अर्धं ओढलेलं, हे काम घुशीचं.

आणि एक फसवणारा प्रकार. कोंबडी रात्री मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, मेली आणि उंदरांनी कुरतडली तर सकाळी दिसायला शिकारच दिसते. दोन-तीन दिवसांत अशा दोन-तीन निघाल्या, बाकीच्या मान वाकडी करून पिसं फुगवून बसल्यात, हिरवट हगतायत, तर जाळी बघत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

घुशीचा बंदोबस्त

दाण्यापासून सुरुवात. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. एक उंदीर पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे चार उंदीर म्हणजे एक फुकटची कोंबडी पोसताय, अंडं न देणारी. आम्ही पूर्वी सकाळी कणी आणि भात खळ्यात फेकायचो आणि संध्याकाळी उरलेलं तसंच. आता सकाळी एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा, आणि एवढंच की अर्ध्या तासात संपेल. दिवेलागणीला भांडं उचलून घरात. पाण्याचं भांडंही उचलायचं, उंदराला पाणी लागतं. दाणा पोत्यात ठेवू नका, प्लास्टिकच्या बादलीत पण नको, घूस प्लास्टिक कुरतडते, पत्र्याचं पिंप किंवा जुना तेलाचा डबा घट्ट झाकणाचा, तोही जमिनीवर नाही तर विटांवर. माशाचं धुतलेलं पाणी आणि काटे परसात टाकायची जी आपली सवय आहे ती मोडा, निदान खुराड्याच्या बाजूला तरी नको. मला हे सगळ्यात जड गेलं कारण सासूबाईंचा हात त्या बाजूलाच वळतो, चाळीस वर्षांची सवय.

मग बिळं. घराभोवती, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने, मांगराच्या म्हणजे बाहेरच्या कोठाराच्या मागे, शेणकीजवळ फिरून सगळी बिळं शोधायची आणि संध्याकाळी प्रत्येक बिळात ओल्या मातीचा किंवा गवताचा बोळा बसवायचा. सकाळी जेवढे बोळे उडालेत तेवढी बिळं चालू, बाकीची जुनी. आमच्याकडे पहिल्या दिवशी चौदा बिळांपैकी पाच चालू निघाली, म्हणजे नऊ बिळांवरची मेहनत वाचली. बिळात हात घालायचा नाही म्हणजे नाही. आपल्या भागात घुशीच्या बिळात नाग, घोणस, फुरसं काहीही बसलेलं असू शकतं. काठी, बॅटरी, गमबूट. आणि हातमोजे घाला, उंदराच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, आपल्या सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत पावसाळ्यात त्याचे पेशंट निघतातच, पायाला चीर किंवा जखम असेल तर त्या चिखलात उतरूच नका, आणि नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगा की उंदरांच्या बिळांचं काम केलं होतं.

पिंजरा लावायचा तर आमिष सुकं. सुक्या बांगड्याचं डोकं किंवा थोडी सुकट, खोबऱ्याच्या तुकड्याला बांधून, कारण नुसतं ठेवलं तर घूस अलगद काढून नेते. मोठा पिंजरा घ्या, उंदराच्या पिंजऱ्यात घूस मावत नाही, अर्धी आत अर्धी बाहेर राहते आणि पिंजरा घेऊन पळते. पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा उघडा, खटका बांधून ठेवायचा, आत खाऊ द्यायचं. नवीन वस्तूला ही जात बिचकते. तिसऱ्या-चौथ्या रात्री खटका सोडायचा. आम्हाला अशा पाच मिळाल्या, पहिल्या आठवड्यात तीन. घाई करून पहिल्याच रात्री लावला असता तर एक मिळाली असती आणि बाकीच्या शहाण्या झाल्या असत्या. पकडली की तडफडत पिंजऱ्यात ठेवू नका, आणि दुसऱ्याच्या बागेत नेऊन सोडणं तर शुद्ध लबाडी आहे, ती त्यांची अंडी-पिल्लं खाणार.

चिकटपट्टी, तो गोंदाचा पुठ्ठा, कोंबड्यांच्या घरात अजिबात नको, पिल्लं चिकटतात, पाली चिकटतात, साप चिकटतात, उंदीर सोडून सगळे.

विषाबद्दल माझं मत कडक आहे. काळी पावडर म्हणून मिळते ती झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, कोंबडीने ते दाणे टिपले तर ती जाऊ शकते. घरात लहान मूल असेल तर विषय तिथेच संपवा. वड्या मिळतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या, त्याने रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, पण तो अर्धमेला उंदीर तुमच्या मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष तिकडे जातं. गव्हाणी घुबड आणि धामण हे दोघं तुमच्यासाठी फुकट काम करतायत, त्यांना कशाला मारता. अगदीच वापरायचं तर बंद डब्यात, जिथे फक्त उंदीर शिरेल, कोंबड्या चरतात त्या भागापासून लांब, आणि मेलेले रोज शोधून खोल पुरायचे.

एक हिशोब लक्षात असू द्या. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, आणि उंदरीणही साधारण तेवढ्याच दिवसांत विते, सहा-आठ पिल्लं, वर्षातून कितीतरी वेळा. तुमची एक कोंबडी पिल्लं काढेपर्यंत तिची एक फेरी झालेली असते. म्हणून एकदा मोहीम करून भागत नाही. भातकापणीनंतर शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि पावसात बिळांत पाणी भरलं की उंचवट्यावर, म्हणजे आपल्या जोत्याकडे. मे अखेर आणि दिवाळीच्या आसपास, बोळ्यांची फेरी पक्की.

खुराडं

जाळीत लोक फसतात. बाजारात षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते, दुकानदार कोंबडी जाळी म्हणूनच देतो, आणि ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, पण बाहेरचं बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि लहान उंदीर तर सरळ भोकातून जातो. मागायची ती अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळी, गॅल्व्हनाईज्ड, आणि तार जरा जाड, एकोणीस गेजच्या आसपास. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे मला दुकानात समजलं, मी आधी उलटं समजून बावीसची घेऊन आले होते. अर्ध्या इंचातून उंदराचं बारकं पिल्लू किंवा चिचुंद्री जाईल कदाचित, घूस नाही, मुंगूस नाही, साप बहुतेक नाही.

खाऱ्या हवेत जाळी गंजते, त्यातही जिथे कापली तिथून आधी. कापलेल्या टोकांना लगेच रंग मारा, आणि पावसाआधी बोटाने दाबून बघा, करकर आवाज करत तुटली तर तेवढा तुकडा बदला. तांब्या-पितळेचं वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जाळी खिळे वाकवून बसवू नका, रुंद वायसर आणि स्क्रूने पट्टीखाली दाबून बसवा, जाळी कधी मधून फाटत नाही, कडेनेच उचकटते.

खाली कोबा. माझ्या मते याला पर्याय नाही. जुनी माती खणून काढली, खाली तीच वेल्डेड जाळी अंथरली, वर तीन इंच कोबा, दाराकडे थोडा उतार धुवायला. चिऱ्याच्या भिंतीचे सांधे मातीचे होते ते सगळे उकरून सिमेंटने भरले, खालच्या दोन थरांत फुटक्या काचा मिसळून, आणि त्या काचा बसवताना जाड हातमोजे घाला, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. स्टील वूलने, म्हणजे बारीक लोखंडी तारेच्या घासणीने, भोकं बुजवा असं व्हिडिओत सांगतात, आपल्याकडे ती एका पावसात गंजून भुसा होते.

कोबा जमत नसेल, कातळावर खणणंच शक्य नसेल किंवा उलट किनाऱ्याजवळ नुसती रेव असेल, तर झालर लावा. भिंतीच्या पायाशी जाळी बांधून ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड-दोन फूट आडवी पसरायची आणि वर चिरे आणि माती. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरायला लागतं, खाली जाळी लागते, दोन फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. रेवेत तर मी दोन्ही करीन.

छप्पर. कौलारू खुराडं असेल तर उदमांजर कौल सरकवून आत उतरतं, त्याला कौलांवरून चालायची सवयच आहे, अर्ध्या गावाच्या माळ्यावर त्यांचे संसार आहेत. कौलांच्या खाली रिपांना जाळी ठोका. पत्रा असेल तर पत्र्याच्या पन्हळीची भोकं, जिथे तो भिंतीवर टेकतो तिथली, ती विसरतात सगळे, उंदीर तिथूनच ये-जा करतो. आणि खुराड्यावर येणाऱ्या फांद्या, पेरूची, आंब्याची, चार-पाच फूट तरी मोकळं राहील अशा छाटा. उंदीर आडवी चार फूट सहज उडी मारतो.

ज्यांना लाकडाचं, उंचावरचं खुराडं करायचंय त्यांनी पायांची उंची तीन फूट ठेवा आणि प्रत्येक पायाला पत्रा गुंडाळा. ही युक्ती आपल्याला शिकवायला नको, माडावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला पत्रा मारतात ना, अगदी तेच. पत्रा फूटभर रुंद आणि गुळगुळीत पाहिजे, वर गंज आला की उंदराची नखं धरतात, मग बदला. खाली अडगळ ठेवायची नाही, माडाची चुडतं, नारळाची सोडणं, लाकडं, सगळं तिथे रचलं की उंदरांना जिना आणि घर दोन्ही मिळतं. पावसात पश्चिमेला झडप लावतो त्याच्या मागे पण बघत जा, भिंत आणि झडप यांच्यामध्ये ऊब असते.

दाराखाली फट किती आहे ते बोट घालून बघा. बोट गेलं तर उंदीर जाणार. आम्ही उंबऱ्याला आणि दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारली. कडीबरोबर दुसरा अडसर हवा, कोयंड्यात स्प्रिंगचा हूक अडकवला तरी पुरे, तो दाबून फिरवावा लागतो, माकडाला जमत नाही. अजून तरी नाही.

बसायच्या दांड्या जाळीपासून फूटभर आत. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा पीस बाहेरून धरून ओढतात. हवा मात्र बंद करू नका, आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस, बंद खुराड्यात ओल आणि विष्ठेचा वास साठून कोंबड्या आजारी पडतात, वर पागोळीखाली जाळीची खिडकी ठेवाच.

पिल्लांची आई वेगळी. ती जमिनीवर बसते, पिल्लं पंखाखाली, म्हणजे घुशीला ताट वाढलेलं. डालगं उलटं घालून वर दगड ठेवतात ते दिवसा ठीक, रात्री नाही, खालून उकरायला कितीसा वेळ लागतो. एक पेटी केलीय आम्ही, तळाला आणि चारी बाजूंना पाव इंची जाळी, रात्री ती घरात पडवीत. दोन महिने तरी.

दिवसाचं काय

दिवसा सोडलेल्या कोंबड्यांना शंभर टक्के कोणी वाचवू शकत नाही, हे आधी मान्य करा. गेल्या वर्षी आमचं एक बारकं पिल्लू शिक्र्याने नेलं आणि दोन पिल्लं कावळ्यांनी. लहान असतील तोवर त्यांच्यासाठी बंद आवार करा आणि वर जुनी मच्छिमारी जाळी टाका. बंदरावर फाटकी जाळी पडलेली असते, विचारून घ्या, बहुतेक जण तशीच देतात. पण ती जाळी फक्त वर. जमिनीपर्यंत सोडली किंवा कुंपणाला लावली की त्यात साप अडकतात, धामण अडकून दोन दिवस तडफडलेली मी पाहिलीय, शेवटी कात्रीने एकेक फास कापावा लागला, आणि तो साप विषारी असता तर ते काम मी केलं नसतं.

चांगला कोंबडा ठेवा. तो घार दिसली की वेगळा आवाज काढतो, लांबवलेला, आणि सगळ्या झाडाखाली पळतात. मुंगसाला तो अंगावर घेतो कधी कधी. अंडी दिवसातून दोनदा काढा, सकाळी दहाला आणि दुपारी, ठेवून ठेवून घोरपडीला आणि माकडांना आमंत्रण कशाला.

संध्याकाळी कोंबड्या आपसूक आत येतात, त्यांना अंधारात दिसत नाही, त्यामुळे एकदा आत बसल्या की मोजा. मोजल्याशिवाय दार लावू नका, एखादी पेरूवर बसलेली असते, रात्रभर बाहेर राहते आणि सकाळी पिसं सापडतात. आणि सकाळी उशीर करू नका, पाऊस असो नसो, उजाडलं की एकदा जाऊन बघायचं, दार उघडायचं नसलं तरी बघायचं. मी चहा आता नंतर घेते.

हे करू नका

कुंपणात घरातली वीज सोडणं. ऐकायला नवल वाटेल पण करतात लोक, आणि माणसं मेलीत त्याने. सौरकुंपणाचं यंत्र वेगळं असतं, ते क्षणभर झटका देऊन थांबतं, थेट लाईनच्या तारेला माणूस चिकटून राहतो. फासकी पण नको. डुकरांसाठी म्हणून लावलेल्या फासकीत आपल्याकडे बिबटे अडकतात, मग पुढचं सगळं प्रकरण.

खुराड्यात अजगर किंवा नाग सापडला तर काठ्या घेऊन गर्दी करू नका. अजगराने कोंबडी गिळली की फुगून तो आलेल्या भोकातून बाहेर जाऊ शकत नाही, तिथेच पडून राहतो, पळत नाही. दार लावा, कुत्रा बांधा, आणि वनविभागाला १९२६ नंबरवर फोन करा किंवा गावातल्या सर्पमित्राला. तो येईपर्यंत जिवंत कोंबड्या काढायचा मोह होतो, मला झाला होता, ह्यांनी हात धरून मागे ओढलं.

माझ्या त्या सात कोंबड्या आम्ही माडाच्या मुळाशी खड्डा काढून चुना टाकून पुरल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या दोन तरी शिजवायच्या होत्या. जनावराने मारलेली खायची नाही, किती वेळ पडलीय आणि तोंड कशाचं लागलंय माहीत नसतं.

आता अकरा आहेत. काल रात्री पाऊस नव्हता म्हणून राख टाकली होती. सकाळी पाच बोटांचे ठसे पेरूखालून दारापर्यंत आलेले, उंबऱ्याच्या पट्टीपाशी जरा घुटमळलेले, मग भिंतीच्या कडेकडेने झालरीवरून मागच्या कोपऱ्यात, जुन्या बिळाच्या जागी, आणि तिथून गडग्यावर. दार उघडून मोजल्या. अकरा.